वाचून पुढच्या मंडळीत न्यावे

पत्र वाचून दाखवण्यासाठी कुणी पगार देतं, यावर माझ्या सुनेचा अजून विश्वास बसलेला नाही. ती बँकेत आहे. तिच्याकडे पत्र आलं की त्यावर शिक्का बसतो आणि ते फाइलीत जातं, वाचायला वेळ कुणाला आहे, असं ती म्हणते. पण सत्तरच्या दशकात सोलापुरात मी हीच नोकरी केली, आणि बरी केली असं माझं स्वतःचं मत आहे. हुद्दा होता बायबलबाई. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला वाटेल, ही बाई दारोदार पुस्तकं विकत असणार. पुस्तकंही विकली, आजाऱ्यांजवळ बसले, बायकांना अक्षरं गिरवायला शिकवलं. पण माझं मुख्य काम पत्रांचं होतं.

कामाची रीत आधी सांगते. आमच्या पाळकसाहेबांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, सोलापूर शहरातल्या आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या बऱ्याच मंडळ्या होत्या. मंडळी म्हणजे चर्चची इमारत नव्हे, माणसं. ती कुठं पत्र्याच्या शेडमध्ये जमत, कुठं शाळेच्या खोलीत, कुठं नुसतीच लिंबाखाली. साहेबांना सगळीकडे पोचणं शक्य नसे, म्हणून ते पत्र लिहीत. ते घेऊन मी एसटीनं जायची, मंडळीसमोर उभी राहून वाचायची, कळलं नाही ते समजावून सांगायची, आणि झालं की तेच पत्र पिशवीत घालून पुढचं गाव गाठायची. प्रत एकच. प्रत्येक पत्राच्या तळाशी साहेबांच्या वळणदार अक्षरात एक ओळ असे, 'वाचून पुढच्या मंडळीत न्यावे.'

ही पद्धत साहेबांनी काढलेली नव्हती. ती पौलाची. पौल म्हणजे येशूनंतरच्या पहिल्या पिढीतला प्रचारक. धंदा तंबू करण्याचा, फिरणं पायी आणि जहाजानं, आणि मुक्कामाला पुष्कळदा तुरुंग. एका गावात चार माणसं जमवायची, त्यांना उभं करायचं आणि पुढं जायचं. याची पाठ वळली की मागं भांडणं सुरू. मग हा पुढच्या गावातून पत्र पाठवणार. एवढा मोठा धर्म जगात कशानं पसरला यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावेत. माझं साधं मत असं, की सुरुवातीला तो भांडणं मिटवणाऱ्या पत्रांनी पसरला.

रोमच्या बादशहाचं टपाल होतं, पण ते सरकारी कामापुरतं. साध्या माणसाचं पत्र साध्या माणसानंच न्यायचं. पोचल्यावर कुणाच्या तरी घरी सगळे जमत, कारण वाचता येणारे थोडेच, आणि मग कुणीतरी ते मोठ्यानं वाचत असे. शेजारच्या गावाला आलेलं पत्र मागवून घ्यायचं, आपलं त्यांना द्यायचं, अशी देवघेव चाले. रोमला गेलेलं लांबलचक पत्र फिबी नावाच्या बाईनं नेलं असावं, असं जाणकार म्हणतात. तिच्याविषयी दोन ओळींपलीकडे कुठं काही लिहिलेलं नाही. पण मला त्या सगळ्यांत तिचंच कौतुक जास्त. समुद्र ओलांडून जायचं, पत्र भिजू द्यायचं नाही, अनोळखी शहरात घर शोधायचं, आणि वर रोमकरांच्या शंकांना तोंड द्यायचं. टेंभुर्णीच्या स्टँडवर माझी गाडी चुकली की मी मनातल्या मनात म्हणायची, मार्था, हिचं तर जहाज चुकत असेल, तू कसली कुरकुरतेस.

वाचण्याचीही एक कला असते. रागाची ओळ आली की नजर कागदावर ठेवायची, कौतुकाची आली की वर बघायचं. याच्या उलट केलं तर ज्याला बोलणी बसली तो म्हणतो, बाई माझ्याकडेच बघून बोलल्या, आणि ज्याचं कौतुक झालं त्याला ते कळतच नाही. नवीन असताना मला हे साहेबांच्या पत्नीनं शिकवलं. ही युक्ती मी पुढं घरातही वापरली.

मंडळ्या म्हणाल तर एकीसारखी दुसरी नाही. शहराच्या पूर्व भागात विणकरांची मंडळी होती, घरची भाषा तेलुगू. हातमागावरून उठून यायचे, केसांत सुताचे तंतू तसेच. तिथं मी एकदा लुदियाची गोष्ट सांगितली. लुदिया ही फिलिप्पै गावातली, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी बाई, आणि तिच्याच घरी तिथली मंडळी पहिल्यांदा जमली. मला वाटलं आता कुणी विश्वासाबद्दल विचारील. सुंदरम्मा नावाची एक वयस्क बाई उठली आणि तिनं विचारलं, की अक्का, तिचा रंग पक्का होता की धुतला की उतरायचा? सगळी मंडळी उत्तराची वाट बघू लागली. मला कुठलं ठाऊक. मी साहेबांना विचारलं, त्यांनी जाड पुस्तकं काढली आणि सांगितलं, की समुद्रातल्या गोगलगाईपासून काढलेला जांभळा रंग तेव्हा नावाजलेला होता, भारी महाग आणि अगदी पक्का. पुढच्या खेपेला मी हे सांगितलं तेव्हा सुंदरम्मानं मान डोलावली. म्हणजे बाई खरी होती, असं ती म्हणाली. त्या दिवसापासून फिलिप्पैला गेलेलं पत्र पूर्व भागानं आपलंच मानलं.

अक्कलकोटच्या बाजूला घरोघरी कानडी. तिथं एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारी उभे राहून ओळीओळीचं कानडी करत. रागाच्या दहा ओळी ते एका वाक्यात उरकत आणि कौतुकाची एक ओळ पाच मिनिटं चालवत. मी तक्रार केली नाही, कारण मंडळी खूश होती आणि साहेबांना कानडी येत नव्हती. खेड्यांतल्या मराठी मंडळ्या टाळ-मृदंगावर भजनं म्हणायच्या, चपला बाहेर, बसायला सतरंजी. आणि शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये बाक, पेटी, इस्त्रीचे सदरे. तिथं सगळ्यांनाच वाचता येत होतं, त्यामुळे कुणीतरी आपल्याला पत्र वाचून दाखवतं याचाच त्यांना राग. तिथं मी भरभर वाचून निघायची.

हे सगळं बघून मला त्या जुन्या मंडळ्या ओळखीच्या वाटायला लागल्या. करिंथ हे बंदराचं शहर. तिथं पैसेवाले आधी येऊन जेवून घेत, आणि हमाल कामावरून येईतो भांडी रिकामी. थेस्सलनीकेत काहींनी प्रभू आता येईलच म्हणून काम सोडून दिलं. गलतियात काय खावं, कसं राहावं, जुने नियम कुणी पाळावेत यावरून वाद. कुणी शनिवार पाळायचं, कुणी रविवार, कुणी मांस खायचं, कुणी नुसत्या भाजीवर राहायचं. पत्रं लिहिणाऱ्यांचंही एकमत नाही. एक म्हणतो विश्वास पुरे, दुसरा म्हणतो आधी तुझी करणी दाखव. आणि आमच्या पूर्वजांचा मोठेपणा असा, की त्यांनी दोघांचीही पत्रं सांभाळून ठेवली. एक फाडून टाकलं नाही. मला याचा आजही अभिमान वाटतो.

आता एका पत्राची हकीकत सांगते. याच पत्रासाठी मी हे लिहायला बसले आहे.

श्रीपूरच्या वाटेवर, उसाच्या पट्ट्यात, आमची एक मंडळी होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. मंडळीत दोन वस्त्यांची घरं होती. दोन्ही वस्त्या गावकुसाबाहेरच्याच आणि गावाच्या लेखी दोन्ही सारख्याच. एकमेकींच्या लेखी मात्र एक वरची, एक खालची. दोघींनी दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ताचं नाव घेतलं, एकाच लिंबाखाली प्रार्थनेला बसू लागल्या, पण एकीच्या चुलीवरची भाकरी दुसरीच्या घरात जात नव्हती. वरच्या वस्तीचे दावीद आबा मंडळीचे वडील होते, म्हणजे पाळक नसताना मंडळीचं बघणारे. सरळ माणूस, आवाज खणखणीत, तोंडानं फटकळ. खालच्या वस्तीत शालन नावाची विधवा होती. ती ऊसतोडीला जायची आणि उरलेल्या दिवसांत शेतावर. तिची एकुलती मुलगी रुथ, सातवी शिकलेली, मंडळीतल्या मुलांना अक्षरं शिकवायची.

आमच्यात प्रभुभोजन असतं. येशूनं शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याची आठवण. एकाच भाकरीचा तुकडा प्रत्येकानं खायचा आणि एकाच प्याल्यातून द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. खेड्यात द्राक्षरस म्हणजे मनुका भिजवून काढलेलं पाणी आणि भाकर म्हणजे गव्हाची पोळी, पण नाव तेच. ते देताना पाळक लागतो, म्हणून साहेब तीन-चार महिन्यांनी तिथं जायचे. एकदा कुणी परदेशी पाहुणे येऊन गेले आणि जाताना लाकडी तबकात बसवलेले इवले इवले काचेचे ग्लास भेट देऊन गेले. प्रत्येकाला वेगळा ग्लास, आरोग्याच्या दृष्टीनं चांगला. पुढच्या प्रभुभोजनाला साहेबांनी पाहिलं, की आबांच्या वस्तीनं ग्लास उचलले आणि शालनच्या वस्तीपुढं जुना प्याला आला. आबांनी कारण सांगितलं, ग्लास पुरत नाहीत आणि हल्ली आजार फार. आजाराला वस्ती कशी कळते हे तिथं कुणी विचारलं नाही.

सोलापूरला येऊन साहेबांनी पत्र लिहिलं. त्यात अंत्युखियातली गोष्ट होती. पेत्र हा येशूचा थोरला शिष्य, तो तिथं परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसून जेवायचा. यरुशलेमहून स्वतःची माणसं आली तसा तो हळूच पंगतीतून उठला. पौलानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सांगितलं, हे बरोबर नाही. एवढ्यावर न थांबता गलतियाला पाठवलेल्या पत्रात त्यानं ते लिहूनही टाकलं, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. साहेबांनी पुढं लिहिलं होतं, की दावीद आबा, तुम्हीही पंगतीतून उठला आहात, आणि जोवर ग्लास आणि प्याला असे दोन भाग आहेत तोवर मी तुमच्याकडे प्रभुभोजन द्यायला येणार नाही. खाली नेहमीची ओळ. पुढची मंडळी टेंभुर्णीची.

रविवारी उपासना झाल्यावर मी ते वाचलं, नजर कागदावर ठेवून. वाचून संपलं. मग माणसं उठून लांब लांब उभी राहिली. मी पिशवी भरत होते तेवढ्यात शालन आली. ती हलक्या आवाजात म्हणाली, टेंभुर्णीत हे सगळं वाचू नका. तिचं म्हणणं पुरं होतं न होतं तोच दुसऱ्या बाजूनं आबा आले आणि तेही तेच म्हणाले. त्या दोन वस्त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

कारण मला तिथंच कळलं. रुथचं लग्न ठरलं होतं, टेंभुर्णीच्या हन्नाच्या मुलाशी. हन्ना म्हणजे आबांची धाकटी बहीण, लग्न होऊन टेंभुर्णीला गेलेली. मुलगा हमरस्त्यावरच्या गॅरेजात मेकॅनिक. नाताळच्या मेळ्यात त्यानं रुथला पाहिलं आणि आईला सांगितलं. हन्नाच्या सासरचे लोक खालच्या वस्तीतली मुलगी म्हटल्यावर बिथरले होते. हन्ना एकटी सगळ्यांशी भांडली होती. तिनं सांगितलं होतं, की आमच्या गावात आता असलं काही राहिलेलं नाही, माझा भाऊच तिथला वडील आहे, सगळे एका प्याल्यातून पितात. त्या शब्दावर सासरचे नमले होते. आता मी टेंभुर्णीच्या मंडळीत उभं राहून आबांचं नाव घेऊन ग्लासांची हकीकत वाचली, की हन्ना खोटी पडणार आणि लग्न मोडणार.

"त्येवढं पान गाळा की बाई," शालन म्हणाली. "लेकीचं कपाळ हाय."

मला ते जमण्यासारखं नव्हतं. पत्र माझं नव्हतं. आज एक पान एका कारणानं गाळलं तर उद्या दुसरं गाळायला कारण सापडतं, आणि मग माझ्या तोंडचं पत्र साहेबांचं राहत नाही. मी कडक बाई होते, अजूनही आहे. पण रुथकडे बघून नुसतं नाही म्हणून निघून जाणंही मला जमेना. ती एका बाजूला लिंबाला टेकून उभी होती आणि काही मागत नव्हती.

मला तेव्हा करिंथकर आठवले. त्यांनी पौलाला पत्र लिहिलं होतं, हे पौलाच्याच पत्रावरून कळतं. मी सगळ्यांना पुन्हा बसवलं आणि सांगितलं, की पत्र आलं की उत्तर देता येतं. तुम्ही उत्तर लिहा. टेंभुर्णीत मी आधी साहेबांचं पत्र वाचीन आणि लगेच तुमचं उत्तर वाचीन, एक शब्द न गाळता.

हे सगळ्यांना पटलं. वहीचा कागद आला, पेन आलं, आणि लिहायला अर्थातच रुथ बसली, कारण सगळ्यांत चांगलं अक्षर तिचं. मग मजकूर सांगायला जो तो पुढं. नमस्कार आणि सलाम लिहून झाले. आबांच्या पुतण्यानं सांगितलं, लिही, आता आम्ही सगळे एकाच प्याल्यातून पितो, आमच्यात भेद नाही. दोन्ही वस्त्यांनी माना डोलावल्या. शालन सगळ्यांत जोरात.

रुथनं पेन खाली ठेवलं.

"पिलो कुटं आजून?" ती म्हणाली. "खोटं कसं ल्हिवू?"

त्या मंडळीत सगळ्यांत जास्त गमावण्यासारखं तिच्याजवळ होतं. एक ओळ लिहिली असती तर लग्न वाचलं असतं. मी नोकरीत पुष्कळ प्रवचनं ऐकली, काही चांगलीही होती, पण त्या पोरीच्या त्या प्रश्नापुढं मला कुठलंच उभं करता येत नाही.

खरं लिहायचं तर आधी एका प्याल्यातून प्यायला हवं होतं. प्रभुभोजन द्यायला पाळक लागतो आणि पाळक तर येणार नव्हते. मी त्यांना एक गोष्ट सांगितली. पहिल्या काळी हे भोजन म्हणजे तुकडा आणि घोट नव्हतं, चांगलं पोटभर जेवण असायचं. प्रत्येकानं घरून आणायचं आणि मिळून खायचं. त्याला आपण प्रीतिभोजन म्हणतो, आणि त्याला पाळक लागत नाही. मी एवढंच सांगितलं आणि खाली बसले. पुढचं माझ्या हातात नव्हतं.

शालन उठून घरी गेली. आली ती फडक्यात सकाळच्या भाकरी आणि वाटीत शेंगाची चटणी घेऊन. तिनं ते लिंबाखाली मधोमध ठेवलं आणि मागं सरकून बसली. खालच्या वस्तीतल्या आणखी दोघी-तिघी गेल्या आणि घरात होतं ते घेऊन आल्या. वरच्या वस्तीची माणसं आबांकडे बघत होती. आबा उभेच होते. ते बोलले तेव्हा त्यांचा खणखणीत आवाज कुठं गेला कळेना.

"ल्हानपनी म्या पाटलाच्या हिरीवर पानी मागायचो. वरनं वतायचे. वंजळीतनं निम्मं सांडायचं. तवा ठरिवलं, ख्रिस्ताच्या घरात आसं व्हवू द्याचं न्हाय." त्यांनी मधोमध ठेवलेल्या भाकरींकडे बघितलं. "आन् मीच गलास घिऊन बसलो की."

ते खाली बसले. शालननं पुढं केलेली भाकरी त्यांनी मोडली, चटणी लावली आणि खाल्ली. सगळेजण त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आबा शेवटी आबाच.

"चटनीत मीट कमी हाय," ते म्हणाले.

"मीट घरात लई हाय, आबा," शालन म्हणाली. "तुमी कदी मागितलंच न्हाय."

मग हसणं फुटलं आणि वरच्या वस्तीतल्या बायका उठल्या. त्यांनीही आपापल्या घरून आणलं. जुना प्याला कुणीतरी घासून पाणी भरून आणला आणि तो सगळ्यांतून फिरला. मीही प्यायले. डोळ्यांत पाणी आलं ते मी पदरानं पुसलं आणि कुणाला दिसू दिलं नाही, कारण पत्र वाचणाऱ्या बाईनं रडायचं नसतं, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

जेवणं झाल्यावर रुथनं पुन्हा पेन उचललं. आता लिहायला हरकत नव्हती. पण आबांनी तिला थांबवलं. टेंभुर्णीची माणसं म्हणतील, कागदावर काय वाट्टेल ते लिहिता येतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते माझ्याबरोबर स्वतः येणार होते. त्यांनी शालनकडे एक भाकरी मागून घेतली, आपल्या उपरण्याच्या टोकात बांधली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत माझ्या शेजारी येऊन बसले. स्वतःला लागलेली बोलणी ज्या पत्रात आहेत त्या पत्राबरोबर माणूस स्वतः निघाला, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

टेंभुर्णीची मंडळी हन्नाच्याच अंगणात जमायची. तिच्या सासरचे सगळे आले होते, तिचे थोरले दीर पुढं खुर्चीवर. भाऊ आलेला बघून हन्ना आनंदली, चहाला आधण ठेवते म्हणाली. आबा नको म्हणाले, आधी पत्र होऊ दे. मी वाचायला लागले. आबा माझ्या शेजारी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांचं नाव आलं, ग्लासांचं आलं, पंगतीतून उठण्याचं आलं. मी नजर कागदावर ठेवली होती. मी शेवटपर्यंत वाचलं.

थोरले दीर हन्नाकडे वळले आणि म्हणाले, की तू तर आम्हाला वेगळंच सांगितलं होतंस. हन्नाचा चेहरा उतरला. तिनं भावाकडे बघितलं.

"पत्रात ल्हेलंय ते खरं हाय," आबा म्हणाले. "काल दुपारपतूर खरं व्हतं."

मग त्यांनी उपरण्याची गाठ सोडली. भाकरी कडक झाली होती. तिचा तुकडा मोडून त्यांनी तो सगळ्यांसमोर खाल्ला आणि उरलेली बहिणीपुढं धरली.

"ही शालनच्या चुलीवरची हाय. तुज्या इहिणीच्या. आमच्या मंडळीचं उत्तर हेच."

हन्नानं दोन्ही हात पुढं करून ती घेतली, एक घास तोडून खाल्ला, आणि डोळ्यांतलं पाणी न पुसता बाकीची थोरल्या दिरांपुढं नेली. ते हातात भाकरी घेऊन बसून राहिले. अंगणातली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती, तो मेकॅनिक पोरगाही. लग्न त्या एका हातावर अडलं होतं. शेवटी त्यांनी वर बघितलं.

"कोरडीच आनली व्हय?" ते आबांना म्हणाले. "चटनी तरी आनायची संगं."

आणि त्यांनी घास तोंडात घातला. हन्ना घरात पळाली आणि चटणीची अख्खी बरणी घेऊन आली.

लग्न उसाचा हंगाम संपल्यावर झालं, साहेबांनीच लावलं. आदल्या दिवशी त्यांनी त्या लिंबाखाली प्रभुभोजन दिलं, एका प्याल्यातून, आणि भाकर शालनच्या चुलीवरची होती. ते इवले ग्लास लग्नात लहान मुलांना सरबत द्यायला कामी आले. त्यातले बरेच फुटले, आणि आबांनी कुणा पोराला रागावल्याचं मला आठवत नाही.

टेंभुर्णीच्या त्या खेपेहून सोलापूरला परतल्यावर मी साहेबांना पत्र परत दिलं होतं. ते प्रत्येक पत्र आणि त्याचं उत्तर एकत्र टाचून फाइलीत ठेवायचे, फार टापटिपीचे. त्यांनी विचारलं, मंडळीचं उत्तर कुठं आहे? मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी पत्र तसंच, एकटंच फाइलीत लावलं. स्वतःच्या बोलण्याचा एवढा मोठा परिणाम झालेला कळूनही त्यांनी त्याबद्दल कधी चारचौघांत शब्द काढला नाही. असे वरिष्ठ मला मिळाले, हे माझं नशीब.

पुढं कचेरीत सायक्लोस्टाइल आलं. एकाच पत्राच्या पुष्कळ प्रती निघू लागल्या आणि त्या टपालानं जाऊ लागल्या. ते सोयीचं होतं, मी नाही म्हणत नाही. पण टपालानं गेलेल्या पत्राला कुणी विचारत नाही, की बाई, रंग पक्का होता का? माझी नोकरी हळूहळू शिवणवर्गाची झाली, आणि त्याची मला अजून चुटपुट लागते.

आमची ती फाइल आता कुणी उघडून बघितली तर त्याला एका वडिलांना दिलेली कडक समज तेवढी सापडेल, आणि त्याला वाटेल, मंडळीनं उत्तरच दिलं नाही. पौलाच्या बाबतीतही विद्वान हीच हळहळ करतात. त्याची पत्रं राहिली आणि मंडळ्यांची उत्तरं गेली. करिंथकरांचं पत्र सापडत नाही, गलतीकर काय म्हणाले ते कुणालाच ठाऊक नाही. पूर्वी मीही त्यांच्याबरोबर हळहळायची. आता नाही. मला वाटतं, ती उत्तरं हरवलेली नाहीत. कुणीतरी ती उपरण्याच्या टोकात बांधून नेली असतील, आणि पोचल्यावर सगळ्यांनी मिळून ती खाल्ली असतील.